फिटच्या गोळ्या किती काम करतात, किती त्रास देतात आणि बंद कधी करायच्या

राजापूर बाजूच्या एका ताईंनी विचारलंय, प्रश्न मोठा आहे म्हणून थोडक्यात मांडतो. त्यांची भाची १९ वर्षांची, कॉलेजला जाते. दहावी-अकरावीपासून सकाळी उठल्या उठल्या तिचे हात उडायचे, चहाचा कप हातातून सुटायचा, घरातले म्हणायचे धांदरट आहे. मग बारावीच्या परीक्षेला जागरणं झाली आणि एका सकाळी मोठी फिट आली, महिन्याभराने दुसरी. ईईजी (मेंदूच्या लहरींचा आलेख) काढला, एमआरआय नॉर्मल आला, डॉक्टरांनी व्हॅल्प्रोएट नावाची फिटची गोळी चालू केली आणि गेलं दीड वर्ष एकही फिट नाही. पण वजन वाढलंय, केस गळतायत, आणि घरात आता स्थळं बघायला लागलेत. शेजारपाजारचे सांगतात या गोळ्यांनी लिव्हर जातं, डोकं बधिर होतं, सवय लागते ती सुटत नाही, आणि एकाने तर कुठूनतरी पुड्यासुद्धा आणून दिल्यात. ताईंना विचारायचंय की या गोळ्या खरंच सेफ आहेत का, आणि आता फिट येत नाही तर बंद करू का.

ताई, आधी तातडीचं सांगतो, बाकीचं सावकाश वाचा. गोळी आज बंद करू नका, उद्याही नको. आणि तरीही हीच गोळी या मुलीला वर्षानुवर्षं चालू ठेवणं पण बरोबर नाही, ती बदलता येते का हे न्यूरोलॉजिस्टकडे बसून लवकरात लवकर ठरवा, लग्न ठरायच्या आधी. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि म्हणूनच "सेफ आहे का" याला एका शब्दात हो किंवा नाही म्हणता येत नाही, कुठली गोळी, कोणाला, कुठल्या प्रकारच्या फिटसाठी आणि किती वर्षं, हे चार प्रश्न सोबत आले तरच उत्तराला अर्थ आहे.

मी फिजिशियन आहे, सगळी प्रॅक्टिस या कोकण किनाऱ्यावरच झाली, फिटचे पेशंट रोजचेच. त्यामुळे गोळ्या काम करतात का इथून सुरुवात करतो, कारण साइड इफेक्टची भीती घालणारे भरपूर असतात पण फायदा किती होतो हे कोणी नीट सांगत नाही.

जगात साधारण ५ कोटी लोकांना हा आजार, म्हणजे एपिलेप्सी किंवा अपस्मार, आहे आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय राहू शकतात. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली नवीन पेशंटचा हिशोब मांडला होता, त्यात पहिल्याच औषधावर ४७ टक्के लोकांची फिट थांबली, पहिल्याने जमलं नाही त्यांच्यातल्या आणखी काहींची दुसऱ्या-तिसऱ्या औषधाने, सगळे मिळून ६० टक्क्यांच्या थोडं वर. त्याच गटाने पुढे २०१८ ला तीसेक वर्षांचा हिशोब परत मांडला, दरम्यान बाजारात डझनभर नवीन औषधं आली होती, आणि आकडा जवळपास तिथेच, ६४ टक्के. याचा अर्थ माझ्या मते फार महत्त्वाचा आहे. नवीन महागडी गोळी म्हणजे जास्त पॉवरची असं लोकांना वाटतं, तसं नाहीये, फिट थांबवायच्या बाबतीत जुन्या गोळ्या आजही तोडीस तोड आहेत, नवीन गोळ्यांनी फरक पडला तो त्रासात, औषधांच्या एकमेकांशी होणाऱ्या भांडणात आणि पोटातल्या बाळावर होणाऱ्या परिणामात. म्हणून डॉक्टरने गोळी निवडताना "कुठली भारी" यापेक्षा "या माणसाला कुठली झेपेल" हे बघायचं असतं.

दुसरं, गोळी फिटच्या प्रकाराला जुळावी लागते आणि इथे आपल्याकडे खूप घोळ होतो. तुमच्या भाचीचं वर्णन वाचलं, सकाळी हात उडणं, वस्तू हातातून फेकली जाणं, जागरणानंतर मोठी फिट, एमआरआय नॉर्मल, हे जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सीचं, म्हणजे किशोरवयात सुरू होणाऱ्या, हात उडवणाऱ्या फिटच्या आजाराचं अगदी ठरलेलं चित्र आहे (ईईजीचा रिपोर्ट मी बघितलेला नाही, त्यामुळे पक्कं तुमचे डॉक्टरच सांगतील). या प्रकारात कार्बामॅझेपिन म्हणजे टेग्रिटॉल, किंवा फेनिटॉइन म्हणजे एप्टॉइन दिली तर हात उडणं कधी कधी वाढतं. गोळी चांगलीच आहे, मेंदूच्या एका कोपऱ्यातून सुरू होणाऱ्या फिटला कार्बामॅझेपिन अजूनही उत्तम, पण या आजाराला चुकीची. मग पेशंट येतो, म्हणतो तीन गोळ्या खाल्ल्या तरी फिट थांबत नाही, आणि नीट विचारल्यावर कळतं की हात उडतात हे त्याने कधी कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण त्याला ती फिट वाटतच नव्हती. म्हणून डॉक्टरकडे जाताना सगळं सांगा, उडणारे हात, मध्येच हरवल्यासारखं बघत राहणं, झोपेत जीभ चावणं. आणि जमलं तर घरच्या कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढा, दहा रिपोर्टपेक्षा तो एक व्हिडिओ जास्त सांगून जातो.

आता साइड इफेक्ट. लपवण्यासारखं काही नाही, हे औषध मेंदूवर काम करतं तर त्रास होऊच शकतो, पण प्रत्येक गोळीचा त्रास वेगळा आहे आणि बहुतेक वेळा आधी माहीत असला तर टाळता किंवा वेळेत पकडता येतो.

गार्डिनाल, म्हणजे फिनोबार्बिटोन, १९१२ पासून वापरात आहे, स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळते आणि फिट थांबवते हे नक्की. पण मोठ्यांना सुस्ती आणते आणि लहान मुलांना उलट चंचल, चिडकी करते, अभ्यासात लक्ष लागत नाही, शाळेतून तक्रार आली की आईबाप मुलालाच रागावतात. "डोकं बधिर होतं" ही जी गावातली समजूत आहे ती बरीचशी या जुन्या गोळीवरून आलीय असं मला वाटतं. एप्टॉइन १९३८ पासूनची, तिने हिरड्या सुजतात आणि वाढतात, चेहऱ्यावर केस येतात, म्हणून तरुण मुलींना मी ती शक्यतो टाळतो. आणि तिचा एक विचित्र स्वभाव आहे, एका मर्यादेपर्यंत डोस वाढवला तर रक्तातलं प्रमाण सावकाश वाढतं आणि त्यानंतर अगदी थोडा डोस वाढवला तरी एकदम उसळतं, मग माणूस झोकांड्या द्यायला लागतो, एकाचे दोन दिसतात, जीभ जड होते. लोकांना वाटतं दारू प्यायलाय. एप्टॉइनवर असलेला माणूस असा चालायला लागला तर मारझोड करू नका, रक्तातली लेव्हल तपासा, ती १० ते २० च्या आत असावी लागते.

कार्बामॅझेपिनने रक्तातलं सोडियम कमी होतं, ऑक्सकार्बाझेपिनने त्याहून जास्त, आणि बीपीसाठी लघवीची गोळी खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत हे पटकन होतं, आजी दोन दिवस असंबद्ध बोलते आणि घरच्यांना वाटतं वय झालं. लेव्हेटिरासिटाम, लेव्हिपिल वगैरे नावाने मिळते, ती आता सगळीकडे सर्रास देतात कारण लिव्हरवर ताण नाही, बाकीच्या औषधांशी फारशी भांडत नाही, पहिल्या दिवसापासून काम करते. पण काही लोक तिच्यावर चिडके होतात, उगाच रडू येतं, क्वचित मनात टोकाचे विचार येतात, आणि हे पेशंटला स्वतःला कळत नाही, घरच्यांना कळतं. लॅमोट्रिजिन मनाला बरी, वजन वाढवत नाही, पण ती मुंगीच्या पावलाने वाढवावी लागते, पूर्ण डोसला यायला दीडेक महिना सहज जातो, घाई केली तर अंगावर पुरळ येतं. टोपिरामेटने शब्द सुचत नाहीत, किडनीस्टोन होऊ शकतो आणि घाम कमी येतो, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात लहान मुलाला ही गोळी चालू असेल तर दुपारी आंबे काढायला उन्हात पाठवू नका, अंग तापत जातं आणि घामच येत नाही.

पुरळाबद्दल जरा थांबून सांगतो. फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, फिनोबार्बिटोन यातली कुठलीही गोळी नवीन चालू केली आणि पहिल्या दोनेक महिन्यांत अंगावर लाल चट्टे आले, सोबत ताप, तोंडात किंवा डोळ्यांत लाली, फोड, तर हे गोवर-कांजिण्या समजून घरी बसायचं नाही, उटणं-कोकमाचं आगळ लावत तर अजिबातच नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे क्वचित होतं पण झालं तर कातडी सोलून निघते आणि जीवावर बेतू शकतं. गोळी एका झटक्यात थांबवायची असते ती अशा वेळी, आणि तीसुद्धा डॉक्टरांना लगेच दाखवून, म्हणजे ते त्याच वेळी दुसरी चालू करतात.

लिव्हरचं विचारलंत. लिव्हरचा खरा धोका व्हॅल्प्रोएटचा सांगितला जातो आणि तो आहेही, पण कोणाला? जास्त करून दोन वर्षांखालच्या मुलांना, त्यातही सोबत आणखी फिटची औषधं चालू असतील किंवा जन्मजात चयापचयाचा आजार असेल त्यांना, आणि बहुतेक वेळा पहिल्या सहा महिन्यांत. दीड वर्ष गोळी पचवलेल्या १९ वर्षांच्या मुलीला तो धोका फार कमी आहे. रिपोर्टमध्ये एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) थोडं वर दिसलं म्हणून घाबरायचं नाही, पण सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, सुस्ती, डोळे पिवळे, असं काही झालं तर मात्र लगेच दाखवायचं. म्हणजे शेजाऱ्यांनी ज्या कारणासाठी घाबरवलं ते कारण तिच्यासाठी मोठं नाही. तिच्यासाठी मोठं कारण दुसरंच आहे आणि ते शेजारी सांगणार नाहीत.

व्हॅल्प्रोएट चालू असताना दिवस राहिले तर बाळात मोठा जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण १० टक्के होते, एरवी कुठल्याही गरोदर बाईत ती २-३ टक्के असते. पाठीच्या कण्याचा दोष, हृदयाचा दोष, टाळू फाटलेली. आणि बाळ वरून ठीक दिसलं तरी पुढे बोलायला उशीर, शिकायला त्रास, ऑटिझमचं प्रमाण जास्त. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये मिळून एक अभ्यास झाला, त्यात सहा वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक मोजला, आईने व्हॅल्प्रोएट घेतलेल्या मुलांचा सरासरी ९७ आला आणि कार्बामॅझेपिन, लॅमोट्रिजिन, फेनिटॉइन घेतलेल्यांच्या मुलांचा १०५ ते १०८. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून फिटचा आजार असलेल्या गरोदर बायकांची नोंदवही ठेवलीय, त्यामुळे हे फक्त गोऱ्यांच्या देशातलं आहे असंही कोणी म्हणू नये. लेव्हेटिरासिटाम आणि लॅमोट्रिजिनवर बाळातल्या दोषाचं प्रमाण जवळपास सर्वसाधारण बाईइतकंच येतं. शिवाय व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, केस गळतात, पाळी अनियमित होते, पीसीओडी (बीजकोशात गाठी) होऊ शकतो, आणि यातलं वजन आणि केस तर तुमची भाची आत्ताच भोगतेय.

मग डॉक्टरांनी तिला ती दिलीच का? कारण या आजारात फिट थांबवण्याच्या बाबतीत व्हॅल्प्रोएट सगळ्यात जोरदार आहे, ब्रिटनमध्ये दोन मोठ्या चाचण्या झाल्या, एक २००७ ला आणि दुसरी २०२१ ला, दोन्हीकडे सर्व मेंदूभर पसरणाऱ्या फिटसाठी तीच पुढे राहिली, दुसऱ्या वेळी तर तिच्यासमोर लेव्हेटिरासिटाम होती तरी. म्हणजे जी गोळी सगळ्यात परिणामकारक तीच तरुण मुलीसाठी सगळ्यात अडचणीची, आणि या विषयातला अवघड निर्णय तो हाच. मुलगा असता तर दीड वर्ष फिट नाही म्हटल्यावर मी सहसा गोळीला हात लावला नसता. मुलगी आहे, १९ वर्षांची आहे, म्हणून मी म्हणेन की लेव्हेटिरासिटाम हळूहळू चढवून, ती स्थिर झाल्यावर व्हॅल्प्रोएट हळूहळू उतरवून बघावं, काही महिने द्यावेत. या काळात एखादी फिट येऊ शकते हे तिला आणि तुम्हाला आधीच माहीत हवं, त्या काळात एकटीने विहिरीवर जाणं नको, नदीत पोहणं नको, स्कूटी चालवणं नको. लॅमोट्रिजिनही चालते पण काहींत तिने हात उडणं वाढतं, आणि व्हॅल्प्रोएटसोबत असताना तिचा डोस निम्म्यावर ठेवावा लागतो नाहीतर पुरळाचा धोका वाढतो. लेव्हेटिरासिटामने जमलंच नाही तर काय, हा प्रश्न तिच्याशी बोलून सोडवायचा, तिच्या मामाशी किंवा होणाऱ्या सासऱ्याशी बोलून नाही. आणि आत्तापासून फॉलिक ॲसिडची गोळी चालू करा, दिवस राहिल्यावर चालू करून उशीर झालेला असतो.

आता बंद करायचं. आमच्याकडे ओपीडीत हे वाक्य रोज ऐकतो, "डॉक्टरानू, आता फिट येणा नाय, मगे गोळी कित्याक खावची?" अहो, फिट येत नाही ती गोळीमुळे. खाजणाच्या शेताला बांध असतो, शेतात खारं पाणी दिसत नाही म्हणून कोणी बांध फोडत नाही, तसं आहे हे. या गोळ्या आजार मुळातून काढत नाहीत, फिट दाबून ठेवतात, दरम्यान काही आजार वयाबरोबर आपोआप निवळतात आणि काही निवळत नाहीत. ब्रिटनमध्ये १९९१ ला एक मोठी चाचणी झाली, किमान दोन वर्षं फिट नसलेली हजारेक माणसं घेतली, अर्ध्यांच्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. पुढच्या दोन वर्षांत गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी ७८ टक्के फिटशिवाय राहिले, बंद केलेल्यांपैकी ५९ टक्के. म्हणजे बंद करूनही निम्म्याहून जास्त लोक ठीक राहिले, पण धोका वाढला तो वाढलाच. म्हणून लहान मुलांतले काही सौम्य प्रकार, किंवा मेंदूत जंताची एकच गाठ होती आणि ती विरघळून गेली, अशांना गोळ्या बंद करायचा विचार आम्ही आनंदाने करतो. (ती गाठ डुकराचं मांस न खाणाऱ्यालाही होते बरं का, त्या जंताची अंडी न धुतलेल्या पालेभाजीतून आणि घाण पाण्यातून पोटात जातात, त्यामुळे "आम्ही तर शाकाहारी" म्हणून एमआरआय टाळू नका.) तुमच्या भाचीच्या प्रकारात मात्र गोळ्या थांबवल्या की बहुतेकांना फिट परत येते, कधी कधी कित्येक वर्षांनी. म्हणून गोळी बहुधा कायम चालू ठेवावी लागते, पण डोस कमी असतो आणि माणूस सगळं करतो, नोकरी, संसार, मुलं.

सवय लागते का? नशेसारखी नाही. फक्त अचानक बंद केली तर झटक्यांची रांग लागू शकते, एक संपतो न संपतो तोवर दुसरा, आणि ती खरोखरची इमर्जन्सी आहे, त्यात मेंदूला इजा होते, माणूस दगावतो. क्लोबाझाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांना मात्र शरीर सरावतं आणि त्यांचा असर हळूहळू कमी होतो, त्यामुळे त्या कधी आणि किती हे डॉक्टरांवर सोडा. आणि फिट तशीच येऊ देणं हा काही सेफ पर्याय नाही हे पण लक्षात घ्या, या आजारात दर वर्षी साधारण हजारात एक मोठा माणूस अचानक, बऱ्याचदा झोपेत, जातो आणि हा धोका सगळ्यात जास्त कोणाला, तर ज्यांच्या मोठ्या फिट थांबलेल्या नाहीत त्यांना. बुडणं, चुलीत पडणं, माडावरून पडणं हे वेगळंच. साइड इफेक्टची यादी वाचताना ही यादी पण शेजारी ठेवून वाचा.

आपल्या किनाऱ्यावरच्या काही गोष्टी आहेत, त्या पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांना सुचणार नाहीत म्हणून मुद्दाम लिहितो. पहिलं दमट हवा. कार्बामॅझेपिनची गोळी ओलाव्यात ठेवली की कडक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा असर एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. व्हॅल्प्रोएट पण ओल ओढून घेते. आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात. लोक काय करतात, महिन्याच्या गोळ्या पट्टीतून काढून एका डबीत भरतात आणि डबी स्वयंपाकघरातल्या फळीवर किंवा मोरीजवळ. मग पावसाळ्यात फिट येते आणि सगळे म्हणतात गोळी चालेनाशी झाली. गोळी पट्टीतच ठेवा, खायच्या वेळी काढा, पट्टी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि डबा चुलीपासून, मोरीपासून लांब. लांब असर करणारी गोळी असेल, पाकिटावर सीआर किंवा एसआर लिहिलेली, तर ती चुरून देऊ नका.

पावसातच साठा पण संपतो. घाट बंद, दरड पडलेली, मेडिकलवाला म्हणतो माल आला नाही. २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा घरंदारं गेली तशी औषधंही गेली. जूनच्या आधी किमान पंधरा दिवसांचा जादा साठा घरात ठेवायचा आणि गोळीचं नाव, डोस यांचा फोटो मोबाईलमध्ये. बोटीवर जाणाऱ्यांना तर मी सांगतो की फिट पूर्ण ताब्यात येईपर्यंत समुद्रावर जाऊच नका, आणि नंतर गेलात तर आठवड्याच्या फेरीला दोन आठवड्यांच्या गोळ्या न्या, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, आजार माहीत असू द्या. लपवून गेलेला खलाशी रात्री जाळं ओढताना पाण्यात पडला तर कोणाला कळतही नाही.

भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणारा) ताप येऊ नये म्हणून डॉक्सीसायक्लिनची गोळी वाटतात, आठवड्याला २०० मिलीग्रॅम. कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन या तीन गोळ्या लिव्हरला कामाला लावतात आणि डॉक्सीसायक्लिन अंगातून लवकर निघून जातं, म्हणजे संरक्षण कमी पडू शकतं. डॉक्सीसायक्लिन खाऊ नका असं नाही म्हणत मी, खाच, पण आशाताईंना, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा की फिटची अमुक गोळी चालू आहे, आणि ताप आला तर "आपण तर डोस घेतला होता" म्हणून घरी थांबू नका. याच तीन गोळ्या माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर घालवतात, नको असताना दिवस राहतात आणि मग बाईलाच दोष. उलट बाजूने, टीबीच्या औषधातलं आयसोनियाझिड एप्टॉइनची लेव्हल वाढवतं, सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि दुखण्यासाठी दिलेलं ट्रमाडॉल फिट आणू शकतं, आणि आयसीयूत मेरोपेनेम हे अँटिबायोटिक चालू केलं की व्हॅल्प्रोएटची लेव्हल एका दिवसात कोसळते. कुठल्याही दवाखान्यात, दाताच्यासुद्धा, पहिलं वाक्य "मला फिटची ही गोळी चालू आहे" हेच असू द्या.

आणि जागरण. शिमग्याला पालखी, गणपतीत रात्रभर भजनं, जत्रेतला दशावतार पहाटेपर्यंत, त्यात चाकरमानी मुंबईहून रात्रीच्या गाडीने न झोपता आलेला, आणि गोळ्या कुर्ल्याच्या घरी राहिलेल्या. सणानंतरच्या दोन-तीन सकाळी माझ्याकडे फिटचे पेशंट हमखास वाढतात आणि बहुतेकांची गोष्ट अशीच असते, कोणाची त्यात दारूची भर. तुमच्या भाचीच्या प्रकारात तर झोप हेच अर्धं औषध आहे. पालखीला जाऊ दे की, कोणी अडवत नाही, पण बारा वाजता घरी येऊन झोपायचं आणि रात्रीची गोळी वेळेवर. पथ्य म्हणाल तर एवढंच. मासे, अंडी, आंबट, कुळीथ काही बंद करायची गरज नाही, पोरांना उगाच कुपोषित करू नका.

दोन योग्य औषधं, योग्य डोसमध्ये, नियमित खाऊनही फिट थांबत नसेल तर चौथी-पाचवी गोळी वाढवत बसू नका. तिथून पुढे गोळीने पूर्ण थांबायची शक्यता फार कमी होत जाते. आधी बघायचं की निदान बरोबर आहे का, चक्कर येऊन पडणं किंवा मनाच्या ताणातून येणारे झटके पण फिटसारखेच दिसतात. आणि खरंच हट्टी आजार असेल तर ऑपरेशनचा विचार करायचा. दिल्लीच्या एम्सने मुलांवर चाचणी केली, २०१७ ला छापून आली, वर्षभराने ऑपरेशन झालेल्यांपैकी ७७ टक्के मुलं फिटमुक्त होती आणि फक्त औषधावर ठेवलेल्यांपैकी ७ टक्के. सगळ्यांना ऑपरेशन लागू पडत नाही, पण लागू पडतं का हे तपासून घ्यायला हरकत काय. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्राला हे काम १९९५ पासून चालतं, रत्नागिरीहून नेत्रावती थेट जाते. सिंधुदुर्गातली माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलला जातातच, तिथून पुढचा रस्ता विचारून घ्या.

पुड्यांचं. कृपा करून देऊ नका. फिटवर म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा काही "शुद्ध वनस्पती" औषधांत तपासणीत फिनोबार्बिटोनसारखी ॲलोपॅथीचीच औषधं निघालेली आहेत. म्हणजे पुडी लागू पडते ती त्याच गोळीमुळे, फक्त किती मिलीग्रॅम ते कोणालाच माहीत नाही, आणि पुडी संपली, पुढची आली नाही की एका झटक्यात बंद, मग झटक्यांची रांग. देवाला गाऱ्हाणं घाला, नारळ ठेवा, मी कोणाच्या श्रद्धेच्या आड येत नाही, माझे कितीतरी पेशंट देवळातून थेट माझ्याकडे येतात, पण गोळीचा डोस चुकवून काही नको.

जेनेरिकबद्दल पण विचारतात. जनऔषधीची गोळी घ्यायला माझी ना नाही, पैशाअभावी गोळी बंद पडण्यापेक्षा स्वस्त गोळी रोज खाल्लेली कितीतरी चांगली. फक्त दर महिन्याला वेगवेगळी कंपनी नको, विशेषतः फेनिटॉइन आणि कार्बामॅझेपिनमध्ये, एक धरा आणि तीच चालू ठेवा.

लग्नाचं शेवटी. हिंदू विवाह कायद्यात पूर्वी हा आजार लग्नाच्या आड येणाऱ्या कारणांत होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकलाय, त्यामुळे फिट येते म्हणून लग्न होऊ शकत नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. पण लपवून लग्न लावू नका. लपवलं की सासरी ती गोळी चोरून खाणार, चार दिवस चुकणार, आणि हळदीची जागरणं झालेली असताना पूजेच्या सकाळीच फिट यायची. मुलाला आणि त्याच्या आईला माझ्यासारख्या कोणाकडे घेऊन या, समोर बसवून सांगू आम्ही, की बाळंतपण नीट होतं, अंगावर दूध पाजता येतं, बहुतेकांची मुलं निरोगी होतात, आणि फिट आलीच तर कुशीवर करायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडॅझोलामचा नाकातला स्प्रे मारायचा आणि १०८ ला फोन.

पुढच्या व्हिजिटला जाताना ईईजी, जुनी प्रिस्क्रिप्शनं, वजनाची नोंद, पाळीच्या तारखा आणि सकाळी हात उडतात का याची महिनाभराची वही घेऊन जा. डॉक्टरांना सरळ विचारा, व्हॅल्प्रोएट बदलता येईल का, किती महिन्यांत, आणि मध्ये फिट आली तर काय करायचं. ते नाही म्हणाले तर का नाही हे विचारा, कारण असू शकतं, आणि दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टचं मत घ्यायला लाजू नका. तोवर आहे ती गोळी, आहे त्या डोसमध्ये, रोज.